दुर्बीण गिळणारी माणसं

“डॉक्टर, तुमचं पहिलंच होतं का हो?”

स्कोपी रूमच्या बाहेरच्या बाकावर त्या बाई पदराने तोंड पुसत बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेली. पहाटेची पहिली लोकल पकडून आलेल्या, आदल्या रात्रीपासून उपाशी. तीन महिने पोटात जळजळ, करपट ढेकर, जेवणावरची वासना उडालेली. त्यांच्या घशातून दुर्बीण आत घालण्याचा मी दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा त्यांनी ओकारी काढत माझं मनगट धरून ठेवलं होतं. तिसऱ्या वेळी सरांनी काही न बोलता स्कोप माझ्या हातातून घेतला आणि सात-आठ सेकंदांत तो अन्ननलिकेत उतरला.

मी म्हणाले, “नाही हो मावशी. तुमचा घसा जरा नाजूक आहे.”

पहिलंच होतं. त्याआधी महिनाभर मी नुसती बघत उभी असायचे. आणि घसा सगळ्यांचाच नाजूक असतो.

ही गोष्ट मी डीएम गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीला लागले त्या वर्षीची. ज्यांना या शिड्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते: साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी मेडिसिन, त्यानंतर पुन्हा देशपातळीवरची परीक्षा देऊन तीन वर्षं डीएम. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी तिशी गाठते, आणि तिशीत माणूस पुन्हा पहिलीत बसतो. एमडीपर्यंत मी डोक्याने काम करत होते. इथे हातानं काम करायचं होतं. डाव्या हातात स्कोपचं डोकं धरायचं, त्याच हाताच्या अंगठ्याने चाक फिरवून टोक वर-खाली न्यायचं, दोन बोटांनी हवा आणि पाण्याची बटणं दाबायची आणि उजव्या हाताने नळी पुढे सारायची, पिळायची, मागे घ्यायची. ही चाकं मोठ्या पंजाच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असावीत. माझा अंगठा पहिले दोन महिने रात्री ठणकायचा.

आमचं रुग्णालय मुंबईतलं, सरकारी खर्चाने चालणारं. केस पेपरची रांग सकाळी सातला लागायची. पेशंट मला बऱ्याचदा ‘सिस्टर’ म्हणून हाक मारायचे. मीही पहिल्यांदा दुरुस्त करायचे, मग सोडून दिलं.

त्या बाईंना खोटं बोलले त्या रात्री ड्युटी होती. वॉर्ड शांत होता. डिपार्टमेंटच्या छोट्या लायब्ररीत मी एंडोस्कोपीचं जाडजूड पुस्तक उघडलं. मला खरं तर ‘घशातून स्कोप कसा घालावा’ हे प्रकरण हवं होतं. पण पहिलं प्रकरण इतिहासाचं होतं. ते आम्ही परीक्षेला कधीच करत नाही, कारण त्यावर प्रश्न येत नाहीत. त्या रात्री मी ते वाचत बसले.

\*

अॅडॉल्फ कुसमॉल हे नाव आपल्याकडच्या प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याला पाठ असतं. मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल साठलं की रुग्ण खोल, भराभर, धापा टाकल्यासारखा श्वास घेतो. तो ‘कुसमॉल श्वास’. त्याच माणसाने १८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये जिवंत माणसाच्या जठरात पहिल्यांदा डोकावायचा प्रयत्न केला, हे मला तिशीपर्यंत माहीत नव्हतं.

कुसमॉलपुढची अडचण सोपी होती. तोंडातून जठराकडे जाणारा रस्ता घशापाशी वळतो. सरळ, न वाकणारी नळी तिथून कशी जाणार? उत्तर त्याला जत्रेतल्या खेळातून मिळालं. तलवार गिळणारा खेळकरी मान मागे टाकतो आणि तोंड, घसा, अन्ननलिका एका रेषेत आणतो. तलवार उतरते, तर नळीही उतरेल. कुसमॉलने अशाच एका खेळकऱ्याला गाठलं आणि ४७ सेंटिमीटर लांब, १३ मिलिमीटर जाड धातूची नळी त्याच्या घशातून खाली घातली.

नळी गेली. दिसलं मात्र फारसं काही नाही. तेव्हा विजेचा दिवा नव्हता. अल्कोहोल आणि टर्पेंटाइन जाळणाऱ्या दिव्याचा उजेड आरशाने नळीत सोडायचा, तो तळापर्यंत पोचेपर्यंत मंद व्हायचा. त्यात जठरातला चिकट द्राव आडवा यायचा. कुसमॉलने पुढे हा नाद सोडला.

ही गोष्ट सगळीकडे कुसमॉलच्या कल्पकतेची म्हणून सांगितली जाते. मी मात्र त्या रात्री त्या खेळकऱ्याचाच विचार करत होते. आमच्या पुस्तकात त्याचं नावही नव्हतं. पण पूर्ण प्रयोगात ज्याचं कौशल्य पणाला लागलं होतं असा माणूस तोच होता. ओकारी दाबायला तो वर्षानुवर्षं शिकला होता. डॉक्टर नवशिका होता आणि पेशंट तरबेज. त्यानंतर आजतागायत हे उलट झालं आहे. पेशंट प्रत्येक वेळी नवा असतो, आणि कधी कधी डॉक्टरही.

१८८१ साली व्हिएन्नात मिकुलिच नावाच्या तरुण सर्जनने विजेवर तापणाऱ्या तारेचा दिवा लावलेली दुर्बीण बनवली आणि जठर खरोखर पाहिलं. पण तीही ताठच. पुढची ५० वर्षं पोटात बघणं म्हणजे सामान्य माणसाला तलवार गिळायला लावणं होतं. अन्ननलिका फाटून माणसं दगावत. साहजिकच बहुतेक डॉक्टर या वाटेला जात नसत.

\*

वाट बदलली म्युनिकच्या रुडॉल्फ शिंडलरने. १९३२ साली जॉर्ज वुल्फ या यंत्रकाराबरोबर त्याने अशी दुर्बीण बनवली, जिचा खालचा भाग वाकायचा. आत भिंगांची माळ होती. नळी थोडी वाकली तरी एका भिंगातून दुसऱ्या भिंगाकडे चित्र पोचायचं. आता जठर बऱ्यापैकी सुरक्षितपणे पाहता येऊ लागलं.

शिंडलर ज्यू वंशाचा होता. १९३४ साली नाझींनी त्याला अटक केली. काही महिन्यांनी सुटका झाल्यावर तो अमेरिकेत, शिकागोला गेला. तिथे त्याने पुन्हा विभाग उभा केला, विद्यार्थी तयार केले आणि १९४१ साली दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची एक संघटना सुरू केली.

पण मी थांबले ते त्याच्या बायकोपाशी. गॅब्रिएल शिंडलर. नवरा दुर्बीण घालत असताना ती पेशंटचं डोकं धरायची. हे ऐकायला मदतनिसाचं काम वाटतं. तसं ते नव्हतं. दुर्बिणीचा वरचा भाग ताठच होता. पेशंटला डाव्या कुशीवर झोपवून त्याची मान नेमक्या कोनात धरून ठेवावी लागे. तो घाबरून हलला, मान वळली, तर इजा व्हायची. दुर्बीण सुरक्षित राहायची ती अर्धी वुल्फच्या भिंगांमुळे आणि अर्धी त्या दोन हातांमुळे.

आमच्या स्कोपी रूममध्ये एक सिस्टर होत्या. निवृत्तीला चारेक वर्षं उरलेल्या. पेशंट डाव्या कुशीवर झाला की त्या डोक्याशी उभ्या राहायच्या, एक हात कपाळावर, एक हात तोंडातल्या प्लॅस्टिकच्या कड्यावर. आणि एकसारखं बोलत राहायच्या. “नाकाने श्वास घ्या. लाळ गिळू नका, बाहेर वाहू द्या. कपडे खराब झाले तर होऊ देत. झालं, अर्धं झालं.” अर्धं कधीच झालेलं नसायचं. पण त्या ज्या दिवशी रजेवर असत त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्याच तपासण्या अवघड जायच्या, हे आम्ही एकमेकांत कबूल करायचो.

माझ्या त्या पहिल्या दिवशी सिस्टर रजेवर होत्या. हे कारण मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले.

\*

आज आपण ज्याला ‘दुर्बीण’ म्हणतो ती पूर्ण वाकणारी नळी कशी आली, या गोष्टीत एक मोगाचा मुलगा आहे. मोगा म्हणजे पंजाबातलं गाव. नरिंदर सिंग कपानी यांचा जन्म १९२६ सालचा. उजेड सरळ रेषेतच जातो, असं शाळेत शिकवलेलं त्यांना पटलं नव्हतं, असं ते पुढे सांगत. १९५० नंतर ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याकडे संशोधन करायला गेले.

हॉपकिन्स हे भौतिकशास्त्रज्ञ. १९५१ साली एका मेजवानीत त्यांच्या शेजारी ह्यू गेन्सबरो हे पोटविकारांचे डॉक्टर बसले होते. डॉक्टरने तक्रार केली, की आमच्या दुर्बिणीने पेशंटला फार त्रास होतो आणि जठराचे काही कोपरे तर दिसतच नाहीत. हॉपकिन्सच्या डोक्यात ते राहिलं. दहावीच्या पुस्तकात आपण ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ शिकतो. काचेच्या बारीक तंतूत एका टोकाने उजेड सोडला, की तो भिंतींवर आपटत आपटत दुसऱ्या टोकाला निघतो, तंतू वाकवला तरी. असे हजारो तंतू दोन्ही टोकांना एकाच क्रमाने बांधले, तर प्रत्येक तंतू चित्राचा एक एक ठिपका वाहून नेईल. हॉपकिन्स आणि कपानींनी तशी जुडी बांधली. त्यांचा लेख २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये आला.

तो लेख अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात बेसिल हिर्शोविट्झ याने वाचला. तो दक्षिण आफ्रिकेतून आलेला, गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी शिकत असलेला तरुण डॉक्टर. म्हणजे तेव्हा तो साधारण आमच्याच जागी होता. तो लंडनला जाऊन जुडी पाहून आला. पण एक अडचण होती. तंतू एकमेकांना चिकटले की एकातला उजेड दुसऱ्यात झिरपायचा आणि चित्र विरून जायचं. ती अडचण सोडवली लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने. डॉक्टर नाही, भौतिकशास्त्राची पदवीही अजून हातात न पडलेला मुलगा. त्याने काचेची कांडी वेगळ्या काचेच्या नळीत घालून दोन्ही एकत्र वितळवली आणि त्यांचा तंतू ओढला. प्रत्येक तंतूला काचेचंच वेष्टण मिळालं. उजेड आतल्या आत राहिला. हे १९५६ च्या डिसेंबरातलं.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९५७ मध्ये, दुर्बीण तयार झाली. जाड, काळी, वाकणारी. आता ती कुणाच्या तरी घशात घालायची होती.

हिर्शोविट्झने ती स्वतः गिळली. घशाला भूलही न देता. त्यानंतर काही दिवसांनी अल्सर झालेल्या एका तरुण बाईची तपासणी केली.

मी पुस्तक मिटलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. जी वस्तू मी सकाळी त्या बाईंच्या घशात दोनदा चुकीची ढकलली होती, ती बनवणाऱ्या माणसाने आधी स्वतःच्या घशात घालून बघितली होती.

\*

त्याच सुमारास एक आकडा वाचनात आला. शिंडलरने सुरू केलेली संघटना आज अमेरिकेतली एंडोस्कोपीची मोठी संस्था आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांत होतं, की शिकाऊ डॉक्टरच्या किमान १३० जठर-तपासण्या होईपर्यंत त्याला हे येतं की नाही, याचा निवाडासुद्धा करू नये.

१३० तपासण्या. म्हणजे १३० घसे.

आकडा अवाजवी नाही. सायकल शिकताना गुडघे फुटतातच. पण इथे सायकल मी चालवत होते आणि गुडघे दुसऱ्याचे होते. ते दुसरे कोण? आमच्या रांगेत असायचे बिगारी, घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, दारूने लिव्हर गेलेले आणि दारू कधीच न प्यायलेले. ज्याच्याकडे पैसे असतात, तो मोठ्या खासगी रुग्णालयात जातो. तिथे झोपेचं इंजेक्शन मिळतं आणि हात असतो १० हजार तपासण्या केलेल्या डॉक्टरचा. त्या डॉक्टरच्या पहिल्या १३० कुठे झाल्या, हे कुणी विचारत नाही. त्या बहुतेक वेळा आमच्यासारख्याच एखाद्या रूममध्ये झालेल्या असतात. ज्यांच्या घशावर तो शिकला, त्यांना पुढे त्याची फी परवडत नाही.

मी हे एकदा सरांना म्हणाले. ते चिडले नाहीत. म्हणाले, “मग काय करायचं? शिकवणं बंद? तू शिकली नाहीस तर १० वर्षांनी रात्री तीन वाजता रक्ताच्या उलट्या करत आलेल्या माणसाला कोण बघेल?”

त्यांचं म्हणणं खरं होतं. लिव्हर कडक झालं की अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एखाद्या रात्री फुटतात. बादली भरते. तेव्हा स्कोप आत घालून, रक्ताच्या गढूळ पाण्यातून ती शीर शोधून तिच्यावर रबराची बारीकशी चकती चढवायची असते. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी ते एकटीने केलं. रिक्षा चालवणारा माणूस होता, चाळिशीचा. पाचव्या दिवशी चालत घरी गेला. त्या रात्री माझा हात थरथरला नाही, याचं श्रेय त्या पहिल्या १३० जणांचं आहे. त्यातल्या पहिल्या बाईंशी मी खोटं बोलले होते.

\*

दुसऱ्या वर्षी माझ्याच पोटात आग पडायला लागली. रेसिडेंटचं जेवण म्हणजे दुपारी चारला वडापाव आणि रात्री दोनला चहा. सगळे म्हणाले, टेन्शन आहे, तिखट कमी कर.

टेन्शन आणि तिखट हेच १९८० पर्यंत डॉक्टरही सांगायचे. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी अल्सरवाल्यांच्या जठरात एक पिळदार जिवाणू दाखवला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कुणी विश्वास ठेवेना. आम्लात जिवाणू जगेल कसा? १९८४ साली मार्शलने जिवाणूंचं ते पाणी स्वतःच प्यायलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या. दुर्बिणीने तपासलं तर जठराला सूज आणि त्यात तेच जिवाणू. बायकोला त्याने हे पिऊन झाल्यावर सांगितलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

मी काही शौर्य केलं नाही. मला लक्षणं होती आणि तपासणी गरजेची होती. पण झोपेचं इंजेक्शन नको, असं मी सांगितलं. आमच्या पेशंटना ते क्वचितच मिळायचं. बरोबरच्या रेसिडेंटने स्कोप हातात घेतला.

भुलीचा स्प्रे कडू असतो. दोन मिनिटांत घसा सुजल्यासारखा वाटतो. सुजलेला नसतो, पण आपण गिळलं की नाही हे कळत नाही आणि तीच खरी भीती असते. मग दातांपासून साधारण १५ सेंटिमीटरवर, जिथे अन्ननलिकेचं तोंड आवळलेलं असतं, तिथे नळी येऊन थांबते. बाहेरून हा क्षण मी शेकडो वेळा पाहिला होता. आतून वाटतं, की श्वास बंद होणार. श्वासनलिका मोकळी आहे हे मला माहीत होतं, शिकवत होते मी हे. त्याचा काही उपयोग झाला नाही. मी तिचं मनगट धरलं.

सिस्टरचा हात कपाळावर आला. “नाकाने. नाकाने घ्या, डॉक्टर. झालं, अर्धं झालं.”

मला माहीत होतं की अर्धं झालेलं नाही. तरी मी मनगट सोडलं आणि नळी उतरली.

जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा काढताना काहीच दुखत नाही. तो तुकडा पिवळ्या द्रावात टाकतात. जिवाणू असेल तर पिवळ्याचा गुलाबी होतो. माझा गुलाबी झाला. १४ दिवस गोळ्या घेतल्या, आग थांबली. वडापाव सुरूच राहिला.

त्यानंतर मी एक गोष्ट बदलली. नळी १५ सेंटिमीटरवर पोचली की मी ढकलणं थांबवायचे आणि वाट बघायचे. पेशंट गिळतो, तो आवळलेला दरवाजा आपसूक उघडतो आणि नळी जवळजवळ स्वतःहून जाते. त्या पहिल्या दिवशी सरांनी सात-आठ सेकंदांत केलं होतं ते हेच. मी तेव्हा त्यांच्या हाताकडे बघत होते. ते बाईंच्या गळ्याकडे बघत होते.

\*

आता मी दुसऱ्या एका रुग्णालयात शिकवते. दर वर्षी नवे रेसिडेंट येतात, तिशीतले, हुशार, स्कोप हातात घ्यायला उतावीळ. पहिले दोन आठवडे त्यांना मी स्कोप देत नाही. ते डोक्याशी उभे राहतात, एक हात कपाळावर. काहींना हे अपमानास्पद वाटतं, चेहऱ्यावर दिसतं. मी गॅब्रिएल शिंडलरची गोष्ट सांगते. काहींना तरीही वाटतंच.

आणि ज्या दिवशी कुणाची पहिली तपासणी असते, त्या दिवशी मी पेशंटला आधी सांगते. “हे डॉक्टर शिकतायत. मी इथेच उभी आहे. तुम्हाला नको असेल तर मी करते, तुमचा नंबर मागे जाणार नाही.”

सहकारी म्हणाले होते, असं सांगितलंस तर कुणीच हो म्हणणार नाही. तसं झालं नाही. बरेच जण हो म्हणतात. काही जण नको म्हणतात.

गेल्या मंगळवारी एक आजोबा नको म्हणाले. “तुम्हीच करा, मॅडम. मला भीती वाटते.”

नव्या रेसिडेंटचं तोंड उतरलं. मी स्कोप घेतला. तो मुकाट्याने डोक्याशी जाऊन उभा राहिला, आजोबांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, “नाकाने श्वास घ्या, आजोबा. लाळ वाहू द्या.”